डावीकडे की उजवीकडे

त्या सोमवारी सकाळी डॉक्टरांनी माझ्या बहिणीच्या तोंडात पाहिलं, बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोलत होता." ताईनं तोंड मिटलं. बाकावर बसलेल्या पेशंटना डॉक्टरांनी उद्या यायला सांगितलं आणि दवाखान्याचं दार लावून घेतलं.

त्या सोमवारच्या आधीचे डॉक्टर आणि नंतरचे डॉक्टर ही दोन वेगळी माणसं होती. मी दोघांनाही ओळखत होते. बोईसरमधल्या जुन्या लोकांना आठवतात ते पहिले, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

स्टेशनकडून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लाकडाच्या वखारीला लागून त्यांचा दाताचा दवाखाना होता. ऐंशीच्या पुढेमागे त्या बाजूला दाताचा डॉक्टर शोधायचा तर दुसरा पर्याय जवळपास नव्हता. पण दात हा काही त्यांच्या आवडीचा विषय नव्हे. दात ते घाईघाईनं काढत, वाटेत आलेलं सामान बाजूला करावं तसे. पेशंट सुटलो म्हणून उठायला लागला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "कुठे निघालात? आता खरं काम. जीभ वर करा." त्यांना पाहायचं असे ते गालांच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटी बॅटरी असायची आणि पँटच्या खिशात रुमालात गुंडाळलेला चमचा. तो घेऊन ते बाजारात जात, बँकेत जात, लग्नांना जात.

माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, तोंडं राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते कोऱ्या चेहऱ्यानं बघत उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "जरा आ करा." माहीतगार माणूस हसत हसत तोंड उघडायचा. डॉक्टरांचा चेहरा लगेच उजळायचा. "अरे, सरावलीचे ना तुम्ही! आई कशी आहे?" एकदा सालवडला एका फोरमनच्या मुलाच्या लग्नात ते आहेर द्यायला म्हणून बोहल्यावर चढले आणि नवऱ्या मुलाला त्यांनी तोंड उघडायला लावलं. फोटोग्राफरला वाटलं घास भरवतायत, त्यानं फोटो काढला. डॉक्टरांनी खाली उतरून मुलीच्या वडिलांना सांगितलं, मुलगा चांगला आहे, तंबाखू तेवढी सोडायला लावा. मुलाच्या वडिलांनी पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला होता. डॉक्टरांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण त्या वर्षात त्या गृहस्थांनी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

दवाखान्यात खुर्चीच्या समोर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: "खोटं बोलायचं असेल तर तोंड उघडू नये."

तंबाखू खाता का, असं ते कधीच विचारत नसत. विचारलं की माणूस नाही म्हणतो आणि मग त्या नाहीशी भांडत बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते विचारायचे, "डावीकडे ठेवता की उजवीकडे?" या प्रश्नाला माणूस तयार नसायचा. तोंडानं काही बोलायच्या आधी त्याची जीभ आतल्या आत त्या जागेकडे जायची आणि गाल किंचित फुगायचा. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून चुना-तंबाखू दाढेला धरणारे उत्तरेकडचे कामगार तर सरळ बोट दाखवत, "इधर, साहब." किनाऱ्यावरच्या मासेवाल्या बायका जरा चिवट. त्यांतली एक म्हणाली होती, "मी ठेवीत नाय डाक्टर. मी नुसती लावते." म्हणजे मशेरी. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायची, तिला या बायका तंबाखूत धरतच नसत. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडून त्या बाईचे आभार मानले होते.

गालाच्या आत कुठे पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला की त्यांचा आवाज खाली यायचा. ते समजावून सांगत. हा कॅन्सर नाही. पण त्याच्या वाटेवर आहे. तंबाखू सोडलीत तर इथूनच परत फिरेल. पंधरा दिवस सोडा आणि मला दाखवा. खरोखर सोडलेल्यांचा चट्टा फिका पडायचा. न सोडता सोडली म्हणणाऱ्यांचा तसाच असायचा, आणि मग डॉक्टर चिडायचे. चिडले की त्यांची शिकलेली भाषा गळून पडायची आणि किनाऱ्यावरच्या गावातली त्यांची घरची बोली वर यायची. "माणूस खोटं बोलतो, चट्टा नाय बोलत. काय समाजला?" पुष्कळ माणसं त्यांच्या ओरडण्याला घाबरून सुधारली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्या पद्धतीनं खूप लोक वाचले. वर्षानुवर्षं ते बरोबर ठरत गेले, आणि म्हणूनच पुढचं झालं.

ते असे का झाले हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. वहिनी शांत बाई, हसऱ्या. डॉक्टरांची आई मशेरी लावायची. मुलगा दाताचा डॉक्टर झाला, त्यानं आईच्या गालात चट्टा पाहिला आणि सोड म्हणून सांगितलं. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्यानं विश्वास ठेवला, आईच ती. ती अंथरुणाला खिळल्यावर वहिनी तांदूळ काढायला गेल्या तेव्हा डब्याच्या तळाशी मशेरीची डबी हाताला लागली. "तेव्हापासून यांनी कुणावर म्हणून विश्वास ठेवला नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्यावरसुद्धा नाही. रोज सकाळी आधी तोंड दाखवायचं, मग चहा."

आता ताईबद्दल.

आमचे वडील तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू असताना साताऱ्याकडून इकडे आले आणि इकडेच राहिले. आई-वडील लवकर गेले. ताई माझ्याहून बरीच मोठी, जवळच्या पाम गावच्या शाळेत शिक्षिका. तिनं मला शिकवलं आणि पालघरच्या वाचनालयात मला नोकरी लागेपर्यंत स्वतःसाठी काही मागितलं नाही. लग्न केलं नाही. ताठ चालायची, कमी बोलायची, पण बोलली की वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक अक्षर पोचायचं. वाचन शिकवावं तर बाईंनी, असं पालक म्हणत. डॉक्टरांना शाळेत प्रथम तिनंच बोलावलं होतं. मुलांची तोंडं तपासा म्हणून. मुलं रांगेत आ करून उभी, डॉक्टर गुडघ्यावर बसलेले, आणि ताई मागे उभी राहून प्रत्येकाचं नाव सांगते आहे, असं ते चित्र मला आठवतं. त्या वेळी तिनं पालकांनाही तंबाखूवरून चार शब्द सुनावले होते.

त्यानंतर एका पावसाळ्याच्या शेवटी तिला जेवताना तिखट झोंबायला लागलं. जिभेच्या डाव्या कडेला पांढरं काहीतरी दिसत होतं. ती डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होते.

डॉक्टरांनी चमच्यानं जीभ बाजूला केली, बॅटरी धरली, बराच वेळ पाहिलं. कापसानं पुसून पाहिलं. मग मागे सरकून शांतपणे विचारलं, "डावीकडेच ठेवता?"

ताईला वाटलं, ते थट्टा करतायत. ती हसली. ते हसले नाहीत.

"डॉक्टर, मी तंबाखू खात नाही."

"मशेरी असेल. बायका तिला तंबाखू म्हणत नाहीत."

"मशेरीही लावत नाही. तुम्ही मला ओळखता."

"मी कुणाला ओळखत नाही, बाई. पंधरा दिवस बंद करा आणि या."

दवाखान्याच्या बाकावर पामचेही लोक होते. डॉक्टरांचा आवाज काही लहान नव्हता.

पंधरा दिवसांनी चट्टा तसाच. तंबाखू खाणाऱ्याचा चट्टा तसाच राहिला तर त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. ते ताईला बोलले. ती पुन्हा पंधरा दिवसांनी गेली, पुन्हा बोलणी खाऊन आली. जी सवय नव्हतीच ती सोडून दाखवायची कशी, हे तिला कळेना. मी तिला पालघरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं तर चिठ्ठी लागेल असं आम्हाला वाटे, आणि चिठ्ठी द्यायला आमचे डॉक्टर तयारही होते. पण त्या चिठ्ठीवर सवयीच्या जागी ते तंबाखू लिहिणार होते. ताई म्हणाली, तसलं लिहिलेला कागद मी हातात घेणार नाही. मी रडले, समजावलं. ती म्हणाली, "मी मुलांना काय शिकवते ते तुला माहीत आहे. त्या कागदावर माझं नाव आणि खोटी गोष्ट एकत्र येणार नाही."

हिवाळा असाच गेला. गावात बोलणं पसरलं होतं. एक दिवस शाळा सुटल्यावर एक म्हातारी ताईला गाठून कोपऱ्यात घेऊन गेली. तिच्या नातवाला ताईनं वाचायला शिकवलं होतं. म्हातारीनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली आणि ताईच्या हातात कोंबली. "चोरून लावायला लागते ना बाई तुमाला? दुकानात जाऊ नका, मी देत जाईन. आमी काय कोनाला सांगत नाय." तिनं ते अतिशय मायेनं केलं होतं. ताईनं घरी येऊन ती पुडी मला दाखवली, चुलीत टाकली आणि त्या रात्री जेवली नाही. आयुष्यात तिच्यावर कुणी आळ घेतला नव्हता. आळ सहन करायची तिला सवय नव्हती, आणि कुणी आपल्याला माफ करण्याची तर त्याहून नव्हती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईनं एका पिशवीत दोन साड्या आणि पुस्तकं भरली आणि दवाखान्यात जाऊन बाकावर बसली. डॉक्टरांना म्हणाली, "दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी इथे तुमच्या नजरेसमोर बसणार. रात्री तुमच्या घरी वहिनींजवळ झोपणार. माझी पिशवी वहिनींनी तपासावी. खाणं-पिणं तुमच्या घरचं. सुट्टी संपेपर्यंत. मग सांगा, चट्टा खोटं बोलतो की तुम्ही."

डॉक्टर म्हणाले, "बसा." त्यांना वाटलं, दोन दिवसांत जाईल.

ती गेली नाही. वहिनींनी तिला माहेरवाशिणीसारखं ठेवून घेतलं. पिशवी तपासायला त्यांनी साफ नकार दिला तेव्हा ताईनंच ती पलंगावर उलटी केली. मी रोज संध्याकाळी पालघरहून येताना दवाखान्यात डोकावायचे. ताई बाकाच्या टोकाला पुस्तक घेऊन बसलेली असायची. हळूहळू तिनं पेशंटच्या रांगेला शिस्त लावली. रडणाऱ्या पोरांना गोष्टी सांगायला लागली. पाटीवरच्या "तोंड"वरचा पुसट झालेला अनुस्वार तिनं खडूनं ठळक केला, तर डॉक्टर म्हणाले, "बाई, कंटाळला असाल तर कबूल करा आणि घरी जा."

"तुम्ही कंटाळला असाल तर तुम्ही कबूल करा," ताई म्हणाली.

बाकावरचे लोक हसले. डॉक्टरही हसले. ते दोघं एकमेकांशी भांडता भांडता एकमेकांची वाट बघायला लागले होते, असं मला वाटतं. दुपारी पेशंट नसले की ते तिला त्यांच्या मोठ्या पुस्तकातली चित्रं दाखवत. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल वाईट, हे तिला तिथेच कळलं. आमच्या त्या दोन खोल्यांत रात्री एकटी असताना मात्र मला वाटायचं की ती तिथे बसून जिंकते आहे, आणि आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

सुट्टी संपत आली होती. त्या सोमवारी डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं तेव्हा चट्टा होता तिथेच होता, आणि त्याची कड लाल झाली होती.

दार लावून घेतल्यावर ते तिच्यासमोर बसले. ताईनं विचारलं, "लाल आहे का?" ते हो म्हणाले. मग बोलले ते घरच्या बोलीत, पण चिडून नाही. "चूक माजी हाय, बाई. तुमची काय बी नाय." दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते स्वतः तिला मुंबईला घेऊन गेले. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, तंबाखूची सवय नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तिथल्या लोकांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सरच्या वाटेवर असलेलं घरात पोचलं होतं. जिभेचा एक भाग काढावा लागला.

ऑपरेशननंतर ताई बोलायची ती ओल्या, जड शब्दांत. क आणि ट तिला नीट येत नसत. शाळेनं तिला कचेरीत बसवलं. वर्गाबाहेरून जाताना ती थांबायची, आत कुणीतरी धडा वाचत असायचं, आणि मुलानं चूक केली की तिचे ओठ हलायचे.

आता दुसरे डॉक्टर.

पाटी त्यांनी काढून टाकली होती. डावीकडे की उजवीकडे हेही आता ते विचारत नसत. पण कारणाशिवाय त्यांना राहवत नव्हतं. मुंबईला त्यांचा एक वर्गमित्र प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडून ते ऐकून आले की परदेशात अशा चट्ट्यांमध्ये एक विषाणू सापडायला लागला आहे, चामखीळ ज्यानं होते त्याच्याच कुळातला. तंबाखूला हात न लावलेल्या लोकांतही. नवं आहे, नक्की कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना तेवढं पुरलं. ते माझ्याकडे वाचनालयात आले आणि चामखिळीवरची सगळी पुस्तकं मागितली. आमच्याकडे एकच निघालं, घरगुती उपायांचं. त्यात घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितलं होतं. त्यांनी ते तिथेच उभं राहून गंभीरपणे वाचलं आणि परत दिलं. त्यानंतर ते माणसांच्या तोंडाबरोबर बोटंही बघायला लागले. दाताच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हात पुढे करायला सांगितलं की तो घाबरायचा, भविष्य सांगणार की काय.

ताईला ते घरी येऊन हे समजावत होते तेव्हा मी चहा करत होते. या विषाणूच्या पुष्कळ जाती आहेत, काही बोटांवर येतात, काही तोंडात, काही बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी, असं सगळं ते उत्साहानं सांगत होते. ताईनं विचारलं, येतो कसा? ते जरा अडखळले. स्पर्शानं, म्हणाले. कातडीला कातडी लागून. म्हणजे कशानंही. अजून नीट ठाऊक नाही.

 ताई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आधी तंबाखू. आता हे. दोन्हीत बोट माझ्याकडेच."

"नाही, बाई. सर्दी झाली तर काय कुणाचा दोष असतो?"

"सर्दी झालेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही."

डॉक्टरांनी चहा अर्धा टाकला. त्या विषाणूबद्दल बोईसरमध्ये त्यांनी पुन्हा कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही. काम मात्र सोडलं नाही. आणि त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, जिच्यामुळे लोक त्यांना वेडे म्हणायला लागले. तंबाखू खात नाही असं शपथेवर सांगणाऱ्या ज्या ज्या पेशंटला त्यांनी खोटारडा म्हटलं होतं, त्यांच्या घरी जाऊन ते माफी मागू लागले. नावं दवाखान्याच्या जुन्या वहीत होती, पण नावावरून माणूस आठवत नसल्यामुळे त्यांना हे जड जाई. ताईनं मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं. आम्ही रविवारी त्यांच्या स्कूटरवरून निघायचो. मी दारात नाव विचारायचे, आतून माणूस यायचा, डॉक्टर म्हणायचे, "जरा आ करा." तोंड पाहून खात्री झाली की हात जोडायचे. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ठेवायला हवा होता."

सरावलीतला एक जण हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "खातच होतो ना डाक्टर! तुमी बरोबर होता. अजून पन खातो." आणि त्यानं डाव्या गालात बोट घालून दाखवलं. डॉक्टरांना त्या दिवशी फार बरं वाटलं. परत येताना ते स्कूटरवर गुणगुणत होते.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर गेलो. भाताचं खाचर, त्यापलीकडे कुडाचं घर. दारात एक बाई नाचणी पाखडत होती. मी तिच्या सासऱ्याचं नाव घेतलं. ती म्हणाली, ते दोन पावसाळ्यांपूर्वीच गेले. तोंडातच काहीतरी झालं होतं. दवाखान्यात का नाही नेलं, असं मी विचारलं. ती डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "नेला होता. डाक्टर बोलला, तंबाखू सोड नि ये. तो खातच नव्हता, मंग सोडणार काय? सासरा बोलला, आता जात नाय मी." तिनं डॉक्टरांना ओळखलं नव्हतं, किंवा ओळखलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टर खाचराच्या बांधावर बसले. तिनं आम्हाला पाणी दिलं. त्यानंतर ते कुणाच्या घरी गेले नाहीत.

पेशंटच्या तोंडातले काढलेले तुकडे ते मित्राकडे पाठवत राहिले. ताईचाही जपून ठेवलेला तुकडा तपासून झाला. पुष्कळ महिन्यांनी मित्राचं उत्तर आलं. ते घेऊन डॉक्टर आमच्याकडे आले. तोवर ताईच्या मानेत गाठ आली होती आणि ती उशीला टेकून बसायची. विषाणूच्या खुणा काही तुकड्यांत मिळाल्या होत्या, काहींत नव्हत्या. तंबाखू खाणाऱ्या काहींच्या तोंडात तो होता. न खाणाऱ्या काहींच्या तोंडात नव्हता. ताईच्या तुकड्यात होता. पण त्यानंच हे केलं, की तो तिथे नुसता येऊन राहिला होता, हे सांगता येत नाही.

"मग कशानं झालं?" ताईनं विचारलं.

डॉक्टर तिच्या पायाशी बसले होते. "मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकत होते. "तंबाखूनं नाही, एवढंच माहीत आहे. ते मी पाहिलंय."

ताईनं मान हलवली. मग हातानं त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ते सांगा. लोकांना."

ते हो म्हणाले.

ताई गेली त्यानंतर पामच्या शाळेत शोकसभा झाली. पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. बरेच लोक आले होते, तिनं शिकवलेली आणि आता कारखान्यांत लागलेली मुलंही होती. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. ते ताईच्या शिस्तीबद्दल बोलले, शुद्ध वाणीबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले की, इतक्या गुणी बाईंनासुद्धा ज्या व्यसनानं सोडलं नाही, ते आपण सगळ्यांनी त्यांच्या आठवणीसाठी आजपासून सोडू या. समोरच्या काही माणसांनी तिथल्या तिथे तंबाखूच्या पुड्या काढून पुढे ठेवल्या. कुणीतरी डोळे पुसले.

डॉक्टर उभे राहिले. "बाई तंबाखू खात नव्हत्या," ते म्हणाले. "कधीच नाही. अख्खी सुट्टी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. मी पाहिलंय. त्यांना हे कशानं झालं ते मला माहीत नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता, तर त्या वाचल्याही असत्या."

सगळे खाली मान घालून ऐकत होते. गेलेल्या माणसाबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की लोक जसे ऐकतात तसे. माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "बोलायलाच लागते तसा. भला मानूस." डॉक्टर अजून उभेच होते. त्यांनी समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. चेहऱ्यांवरून त्यांना कधीच काही कळत नसे, पण त्या दिवशी कळलं असावं. आयुष्यभर ज्यांनी कुणाच्या शब्दाला किंमत दिली नाही, त्यांचा शब्द ऐकून घेतला गेला आणि बाजूला ठेवला गेला. मुख्याध्यापकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

नंतर त्यांचा दवाखाना ओसरत गेला. माहीत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरकडे लोक जात नाहीत, आणि त्यांना आता ते म्हणायची सवयच लागली होती. कुणी म्हणायचं, इथल्या पाण्यानं होत असेल. कुणी म्हणायचं, कारखान्यांच्या धुरानं. पूर्वी ते असल्या बोलण्यावर तुटून पडत. आता म्हणत, असेलही. चट्टा दिसला की थांबत नसत, त्याच आठवड्यात मुंबईला पाठवत. तंबाखू खाणाऱ्यालाही आणि न खाणाऱ्यालाही. नव्वदीनंतर स्टेशनजवळ दाताचे नवे दवाखाने निघाले, काचेच्या दारांचे. डॉक्टर गेले तेव्हा मी वहिनींजवळ होते. वहिनी पुढे मुलीकडे राहायला गेल्या आणि त्याही आता नाहीत.

पामला कधी गेले तर ओळखीचं कुणी भेटतं. ताईचं नाव निघतं, बाई फार चांगल्या होत्या, असं ते म्हणतात आणि जरा थांबतात. मी सांगते की तिनं तंबाखूला कधी हात लावला नव्हता. ते हो म्हणतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं होती, ती दोन्ही गेली. आता माझा शब्द आहे, आणि मी तिची बहीण आहे.